कार्बनची पत आणि यंत्राची साक्ष

पत हा शब्द पेढीवरचा आहे. पत म्हणजे नाणें नव्हे. हातीं नसलेल्या वस्तूच्या भरंवशावर एकानें दुसऱ्यास दिलेला विश्वास होय. गेल्या तीस-एक वर्षांत या जुन्या शब्दाला एक नवेंच विशेषण जडलें आहे. एखाद्या कारखान्यानें, किंवा एखाद्या गांवानें, वातावरणांत जावयाचा एक टन कर्बवायु जाऊं दिला नाहीं, तर त्याच्या नांवें एक ‘कार्बन-क्रेडिट’, म्हणजे एक पतपत्र, जमा होतें. आणि ज्यास आपला धूर आवरतां येत नाहीं असा दुसरा कोणी तें विकत घेतो. व्यवहार दिसावयास सोपा आहे. परंतु येथें विकला जाणारा माल म्हणजे न घडलेली गोष्ट! ती तराजूंत घालतां येत नाहीं, कीं वखारींत रचतां येत नाहीं. धान्याच्या बाजारांत माप कमी भरलें तर गिऱ्हाईक भांडतें. येथें विकणाऱ्यास पैसे हवे असतात आणि घेणाऱ्यास कागद हवा असतो. माप खोटें निघालें तरी भांडावयास कोणी उभें राहत नाहीं.

अशा बाजारांत यंत्राला साक्षीस बोलवावें, म्हणजे लबाडीला जागाच उरणार नाहीं, असें हल्लीं पुष्कळ शहाणे लोक म्हणतात. धुराड्यांत बसविलेले सेन्सर, आकाशांतून अरण्यें न्याहाळणारे उपग्रह, शेतांतील मातीची परीक्षा करणारीं उपकरणें, यांच्या आधारावर ही पत उभी करावी असा त्यांचा आग्रह आहे. त्या आग्रहाचें खरेंखोटें करण्यास तर्कापेक्षां इतिहास अधिक उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें. कारण हा प्रयोग वाटतो तितका नवा नाहीं.

मोजण्याची विद्या तर जुनीच आहे. १८५९ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जॉन टिंडल यांनीं असें दाखविलें कीं, हवेंतील नायट्रोजन व ऑक्सिजन हे उष्णतेच्या अदृश्य किरणांना जवळजवळ मुळींच अडवीत नाहींत, पण पाण्याची वाफ आणि कर्बवायु मात्र अडवितात. ज्या गुणामुळें हा वायु पृथ्वीला तापवितो त्याच गुणामुळें तो पकडलाहि जातो, ही यांतील मौज होय. नळींत हवा भरावी, तींतून त्या किरणांचा झोत सोडावा, पलीकडे किती किरण पोंचले तें पाहावें, कीं वायूचें प्रमाण कळलेंच. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनीं १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर याच तत्त्वावरील यंत्रानें मोजणी आरंभिली, तेव्हां हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें ३१३ भाग भरले. आज तो आंकडा ४२० च्या वर गेला आहे. मौना लोआच्या आंकड्यावर कोणाची हुंडी वटावयाची नव्हती, हेंहि त्या नोंदीच्या निर्मळपणाचें एक कारण मानावयास हवें.

हुंडी वटावयाची असतां काय करावें, हें प्रथम अमेरिकेनें शोधून काढिलें. आणि तें कर्बवायूच्या नव्हे, गंधकवायूच्या संबंधांत. दगडी कोळसा जाळणाऱ्या विद्युत्केंद्रांच्या धुरामुळें आम्लवृष्टि होऊन तळीं व अरण्यें नासत होतीं. १९९० सालच्या कायद्यानें या धुराची एकंदर मर्यादा ठरविली, तिचे एकेका टनाचे परवाने केले, आणि ते विकण्याची मुभा दिली. १९९५ पासून ही व्यवस्था अमलांत आली. प्रत्येक मोठ्या धुराड्यांत अखंड मोजणारें यंत्र बसविणें सक्तीचें झालें, व मर्यादेबाहेरच्या प्रत्येक टनास दोन हजार डॉलर दंड ठरला.

पण या कायद्यांतील खरी अक्कल दंडाच्या कलमांत नाहीं. यंत्र बंद पडलें तर काय, या प्रश्नाचें उत्तर त्यांत ज्या रीतीनें दिलें आहे, त्यांत ती आहे. कायदा म्हणतो कीं, नोंद नसलेल्या तासांसाठीं अंदाज करावयाचा तो कारखान्याला जड जाईल असाच; आणि यंत्र जितकें अधिक काळ बंद तितका तो अंदाज कठोर, शेवटीं आजवरच्या सर्वांत मोठ्या आंकड्यापर्यंत. म्हणजे यंत्र बिघडलें कीं मालकाचें नुकसान! इन्स्पेक्टरानें डोळ्यांत तेल घालून जें साधलें नसतें तें या एका नियमानें साधलें. यंत्र नीट चालावें अशी तळमळ ज्याच्या धुराची मोजणी व्हावयाची त्यालाच लागून राहिली. २०१० च्या सुमारास त्या केंद्रांचा गंधकवायु १९९० च्या निम्म्याहूनहि खालीं आला होता. त्यांत इतर कायद्यांचाहि वांटा आहे, हें खरें.

हें यश पाहून जगानें कर्बवायूसाठीं तोच मार्ग धरला. पण धरतांना एक मोठा फेर केला, आणि तो फारसा कोणाच्या ध्यानांत आला नाहीं. १९९७ च्या क्योतो करारानें श्रीमंत राष्ट्रांवर मर्यादा घातली, आणि ज्यांच्यावर मर्यादा नाहीं अशा भारत-चीनसारख्या देशांतून पतपत्रें विकत घेण्याची सोय ठेविली. अमेरिकेंत प्रश्न होता, ‘धूर किती निघाला?’ येथें प्रश्न झाला, ‘किती निघाला असता, आणि किती निघाला?’ पैकीं दुसऱ्याचें उत्तर यंत्र देऊं शकतें. पहिल्याचें कोणतें यंत्र देणार?

या फेराचें फळ शीतयंत्रांच्या वायूच्या कारखान्यांत दिसून आलें. तो माल करतांना एचएफसी-२३ नांवाचा एक टाकाऊ वायु निर्माण होतो. त्याच्या एका टनाची बरोबरी त्या वेळच्या हिशेबानें कर्बवायूच्या ११,७०० टनांशीं होत असे. तो भट्टींत जाळण्यास खर्च अगदीं थोडा; मिळणारीं पतपत्रें मात्र इतकीं कीं, मूळ माल विकून होणाऱ्या कमाईपेक्षां टाकाऊ वायु जाळून होणारी कमाई अधिक, असें मायकेल वारा यांनीं २००७ सालीं दाखवून दिलें. पुढें २०१० सालीं असा आक्षेप आला कीं, कांहीं कारखाने हा वायु जाळतां यावा म्हणूनच माल अधिक काढीत आहेत. युरोपनें २०१३ पासून हीं पतपत्रें घेणें बंद केलें. आमच्या वाचकांनीं येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. भट्टींत किती वायु गेला हें मोजणाऱ्या उपकरणांविषयीं येथें वाद नव्हताच. यंत्राची साक्ष खरी धरूनहि निवाडा चुकीचा होऊं शकतो, याचें याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

अरण्यांची कथा याहून निराळी नाहीं, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. झाड तुटलें कीं उभें आहे हें उपग्रह सांगतो. पण योजना नसती तर तें तुटलें असतें काय, हें त्याला दिसत नाहीं. सहा देशांतील सव्वीस योजनांची छाननी २०२३ सालीं ‘सायन्स’ नियतकालिकांत प्रसिद्ध झाली, तींत बहुतेक योजनांनीं जंगलतोड म्हणण्यासारखी कमी केलीच नव्हती असें आढळलें.

आतां आपल्या शेजारीं येऊं. गुजरातेंत कारखान्यांच्या धुराची तपासणी करणारे खाजगी तपासनीस कारखानदारच नेमीत व त्यांचा मेहनताना तोच देई. मर्यादा होती घनमीटरास १५० मिलिग्राम धूलिकणांची, आणि अहवाल पाहावे तों आंकडे या मर्यादेच्या किंचित खालीं दाटीनें बसलेले! कुंपणच शेत खात होतें. २००९ ते २०११ या काळांत कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं तेथील प्रदूषण मंडळाच्या साह्यानें निम्म्या कारखान्यांपुरता बदल केला: तपासनीस चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें नेमावयाचा, पैसा सामाईक निधींतून द्यावयाचा, आणि अधूनमधून त्याच्या तपासणीची फेरतपासणी करावयाची. उपकरणें पूर्वींचीच राहिलीं. तरी अहवाल खरे येऊं लागले, आणि धूरहि कमी झाला. पुढें २०१९ सालीं सुरतेस सुमारें तीनशें कारखान्यांत अखंड मोजणारीं यंत्रें बसवून धूलिकणांच्या परवान्यांचा बाजार उघडला. (सुरतेच्या नांवानें मराठी मनांत निराळ्याच आठवणी जाग्या होतात, पण हा लाभ कोणाची पेठ न लुटतां झाला आहे.) बाजारांतील कारखान्यांचे धूलिकण बाहेरच्यांच्या मानानें शेंकडा वीस ते तीस कमी झाले. येथें एकंदर मर्यादा ठरलेली होती, ‘असता तर’चा प्रश्नच नव्हता, हें विसरूं नये. अशा बाजाराची मूळ योजना २०११ सालीं आंखली गेली तेव्हां तींत महाराष्ट्राचेंहि नांव होतें.

आपल्या शेतकऱ्यांपुढें आतां झाडें लावून व मातींत कार्बन सांठवून पतपत्रें मिळविण्याच्या योजना येत आहेत. दख्खनच्या मातींत सेंद्रिय कार्बन बहुधा शेंकड्यास एकाहून कमीच असतो. चांगल्या मशागतीनें तो वाढतो, पण फार हळू. एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांतला फरक कित्येकदां पांच वर्षांच्या वाढीपेक्षां मोठा भरतो. या भूमीनें सूक्ष्म मोजणीचा अनुभव पूर्वींहि घेतला आहे. १८२० नंतर प्रिंगल साहेबांनीं पुणें भागांत शेताशेताचें निव्वळ उत्पन्न काढून सारा बसविला. पद्धति शास्त्रशुद्ध, पण नोंदी खोट्या, म्हणून ती टाकून विंगेट व गोल्डस्मिड यांना १८३५ नंतर इंदापुरापासून पुन्हां आरंभ करावा लागला.

मातीच्या मोजणींत अनिश्चितता जितकी अधिक तितकीं पतपत्रें कापावींत, असा नियम आतां कांहीं ठिकाणीं करण्यांत आला आहे. वरवर पाहतां तो अमेरिकन नियमाचाच भाऊ. परंतु तेथें यंत्र विद्युत्केंद्राच्या मालकाचें होतें. तें दुरुस्त करणें, त्याच्याजवळ दुसरें बसविणें, त्याच्या हातांत होतें. येथें नमुना घेणारा योजनेचा, उपकरण योजनेचें, तपासनीस नेमणारी व त्याला पैसे देणारीहि बहुधा योजनाच. आणि करारांत शेतकऱ्याचा वांटा पतपत्रांच्या संख्येवर ठेविलेला असला, तर यंत्राच्या संशयाचा दंड भरावयाचा तो मात्र बांधावर उभ्या असलेल्या माणसानें.