उसाच्या तालुक्यातील सांडपाणी आणि कायदा

घोड आणि भीमा या नद्यांच्या काठचा श्रीगोंदा तालुका कालव्यांच्या पाण्याने उसाचा झाला. साखर कारखाने आले, पाठोपाठ सांडपाण्याचा प्रश्न आला. कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना साधारण 8 ते 15 लिटर तपकिरी, आम्लधर्मी सांडपाणी उरते. ते ओढ्यात मिसळले की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. जमिनीत मुरले की विहिरी नासतात, आणि नासलेली विहीर सुधारायला वर्षे जातात. हे रोखण्यासाठी महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, 1969 मध्येच जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला. 1970 मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा 1974चा, राज्याने तो 1981 मध्ये स्वीकारला. 2016च्या अधिसूचनेने साखर कारखान्यांना गाळलेल्या उसाच्या टनामागे 200 लिटर सांडपाण्याची मर्यादा घातली. विहिरींच्या पाण्याची नियमित तपासणी मात्र गावांनीच आग्रहाने मागितली पाहिजे.