लाकडाचा ठोकळा, जिलेटिनचा ठोकळा आणि माझी वाया गेलेली रीडिंग्ज

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझी चार महिन्यांची रीडिंग्ज बाद झाली. प्रयोग साधा होता. ठरावीक उंचीवरून स्टीलची छोटी गोळी मऊ पदार्थावर सोडायची आणि ती किती खोल रुतते ते मोजायचं. उंची, वजन, व्यास सगळं वहीत नीट लिहिलेलं. पण ग्राफवर बिंदू असे विखुरलेले, की रेषच ओढता येईना. कारण शेवटी सापडलं. फ्रिजमधून काढलेला नमुना कधी पाच मिनिटांत वापरला होता, कधी चाळीस. नमुन्याचं तापमान मी एकदाही लिहिलं नव्हतं.

गाईड रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू गोळीचा अभ्यास केलास, ठोकळ्याचा नाही." या एका वाक्यामुळे मी या विषयाच्या इतिहासात शिरले. तिथे कळलं की ही चूक करणारी मी पहिली नाही, आणि ती समजून घ्यायला या क्षेत्राला जवळजवळ अडीचशे वर्षं लागली.

पहिला ठोकळा : १७४२

बेंजामिन रॉबिन्स हा इंग्लंडमधला गणिती. त्याच्या काळापर्यंत तोफगोळ्याचा मार्ग म्हणजे गॅलिलिओचा पॅराबोला, असं पुस्तकं शिकवत. हवेचा रोध किरकोळ समजून सोडून दिला जाई. त्याला आव्हान द्यायचं तर गोळीचा वेग मोजायला हवा होता. पण सेकंदाला हजारभर फूट जाणारी वस्तू त्या काळच्या कुठल्या घड्याळाने मोजणार?

रॉबिन्सने वेळ मोजण्याचा नादच सोडला. त्याने लोखंडी पट्टीवर लाकडाचा जाड ठोकळा बसवून तो लंबकासारखा टांगला. गोळी ठोकळ्यात घुसली की लंबक मागे झुलायचा, आणि खाली लावलेली फीत किती ओढली गेली त्यावरून झोका कळायचा. झोक्यावरून ठोकळ्याचा वेग आणि त्यावरून गोळीचा वेग. हाच बॅलिस्टिक पेंडुलम. बारावी-बीएस्सीला आपण यावरची गणितं सोडवतो, पण तो कुठल्या अडचणीतून जन्मला हे कुणी सांगत नाही.

आकडे बघा. त्याच्या लंबकाचं वजन सुमारे ५६ पौंड, गोळीचं एका पौंडाचा बारावा भाग. गुणोत्तर साधारण १ : ६७०. म्हणजे सेकंदाला १६७० फूट वेगाने आलेली गोळी त्या ठोकळ्याला सेकंदाला जेमतेम अडीच फुटांचा वेग देते. (लंबकाचा आकार आणि गोळी नेमकी कुठे लागली याची दुरुस्ती करावी लागते, ती इथे सोडते.) न मोजता येणारा वेग त्याने मोजता येण्याइतका संथ करून घेतला.

मग त्याने लंबक बंदुकीपासून २५, ७५ आणि १२५ फुटांवर ठेवून पाहिला. वेग आले अनुक्रमे १६७०, १५५० आणि १४२५. आता शाळेतलं v² = u² + 2as वापरा. १०० फुटांत १६७० वरून १४२५. मंदन येतं सेकंदाला सेकंदाला सुमारे ३८०० फूट, म्हणजे गुरुत्वाच्या जवळजवळ १२० पट! ज्या हवेला सगळे किरकोळ म्हणत होते, ती गोळीला तिच्या वजनाच्या सव्वाशे पटीने मागे ढकलत होती. पॅराबोला तिथेच निकालात निघाला. तीनच वर्षांनी, १७४५ मध्ये, ऑयलरने या पुस्तकाचा जर्मन अनुवाद केला आणि त्याला स्वतःची लांबलचक टिपणं जोडली.

रॉबिन्सचा शेवट आपल्याकडे झाला. ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनीअर म्हणून तो आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला.

एकच ठोकळा, दोन प्रश्न

आता मुद्द्याची गोष्ट. लंबकाच्या प्रयोगात ठोकळा कोणत्या लाकडाचा आहे याने फरक पडत नाही. आत तंतू तुटतात, शिसं चपटं होतं, उष्णता निघते, बहुतेक ऊर्जा तिथेच खर्च होते. पण संवेग टिकतो, आणि आपल्याला तेवढाच हवा असतो. ठोकळ्याच्या पोटात काय घडलं हे न कळताही उत्तर बरोबर येतं.

पण त्याच ठोकळ्याला "गोळी किती खोल गेली?" असं विचारलं, की सगळं उलटं होतं. आता उत्तर ठोकळ्याच्या पोटातच आहे.

रॉबिन्स आणि ऑयलर यांनी इथे सोपं गृहीतक घेतलं. लाकडाचा रोध स्थिर आहे, म्हणजे खोली वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दुप्पट, तर खोली चौपट. लाकडात हे बऱ्यापैकी चाललं. पण १८३० च्या दशकात फ्रान्समध्ये मेट्झ इथे लाकूड, माती आणि दगडी बांधकाम अशा वेगवेगळ्या लक्ष्यांवर तोफा डागून पद्धतशीर मोजणी झाली, तेव्हा स्थिर रोध अपुरा ठरला. पाँसलेने रोधाचे दोन भाग केले. एक पदार्थ फोडायला लागणारा, जवळपास स्थिर. दुसरा पदार्थ बाजूला ढकलायला लागणारा, वेगाच्या वर्गासोबत वाढणारा. कोणता भाग किती मोठा, हे पदार्थ ठरवतो. मीही माझ्या डेटाला आज हेच समीकरण लावते.

शरीराच्या जागी काय ठेवायचं?

पुढे प्रश्न शल्यचिकित्सकांकडे गेला. स्वित्झर्लंडचा थिओडोर कोखर (थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९ चं नोबेल मिळालं तोच) पाण्याने भरलेल्या डब्यांवर आणि जिलेटिनवर गोळ्या झाडून जखम का फुटते याचा शोध घेत होता. १९०४ मध्ये अमेरिकेत थॉम्पसन आणि लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात गुरांवर, तसंच मृतदेहांवर चाचण्या केल्या आणि पॉइंट ४५ कॅलिबरची शिफारस केली. पुढची लष्करी पिस्तुलं त्यावर ठरली. पण नमुने मोजके आणि प्रत्येक जनावर वेगळं. प्रयोग पुन्हा तसाच करून पडताळायची सोयच नव्हती.

१९८० च्या दशकात अमेरिकी लष्करी सर्जन मार्टिन फॅकलर यांनी १० टक्के जिलेटिन ४ अंश सेल्सिअसला वापरायचा आग्रह धरला, कारण डुकराच्या स्नायूशी त्याची तुलना करून पाहिलेली होती. १९८६ मध्ये मायामीत चकमकीत दोन एजंट मारले गेल्यावर एफबीआयने याच जिलेटिनवर चाचण्या आखल्या. त्याच्यापुढे जाड कपडे, पत्रा, प्लायवूड, गाडीची काच ठेवायची आणि पलीकडे १२ ते १८ इंच खोली मिळते का बघायचं.

मला सगळ्यात आवडतो तो त्यातला कॅलिब्रेशनचा नियम. खरी गोळी झाडण्याआधी ठोकळ्यावर साडेचार मिलिमीटरचा स्टीलचा छर्रा सेकंदाला सुमारे ५९० फूट वेगाने मारायचा. तो साधारण साडेआठ सेंटीमीटर रुतला, एखादा सेंटीमीटर इकडेतिकडे, तरच ठोकळा पास. नाहीतर त्यावरची रीडिंग्ज धरायची नाहीत.

म्हणजे आधी ठोकळ्याची परीक्षा, मग गोळीची. माझ्या चार महिन्यांत नेमकं हेच राहून गेलं होतं.

तुमच्यासाठी

संशोधनाला सुरुवात करताना स्वतःला एक प्रश्न विचारा. माझ्या प्रयोगात "ठोकळा" कोण आहे? कुणाचा पेशींचा कल्चर असेल, कुणाची प्रश्नावली, कुणाचा डेटासेट. तो बदलला तर उत्तर बदलेल का? रॉबिन्सच्या लंबकासारखा नसेल बदलत, तर निर्धास्त राहा. पण बदलत असेल, तर पहिला आठवडा त्याच्या कॅलिब्रेशनला द्या.

मी सगळी रीडिंग्ज पुन्हा घेतली. आता प्रत्येक नमुन्यावर आधी एक ठरलेली गोळी ठरलेल्या उंचीवरून पडते. वहीतला पहिला रकाना तापमानाचा आहे. बिंदू अजूनही थोडे विखुरतात, पण रेष ओढता येते.