ओळख कोण देणार? उपनगरांतील नेपाळी पहारेकरी आणि बँकेचे खाते

१/ अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. येथील गृहनिर्माण संस्थांच्या फाटकावर बसणारा नेपाळी पहारेकरी आपल्या इतक्या परिचयाचा आहे की, तो परदेशी नागरिक आहे हे सहसा ध्यानातही येत नाही. खुष्कीच्या मार्गाने भारतात येताना त्याला ना पासपोर्ट लागतो, ना व्हिसा. त्याचे परकेपण उघड होते ते बँकेच्या खिडकीशी. हा धागा त्या खिडकीच्या इतिहासाचा.

२/ आरंभ १९५० पासून करू. त्या वर्षी अंधेरी आणि घाटकोपर बृहन्मुंबईत सामील झाले; बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये. त्याच १९५० च्या ३१ जुलैला काठमांडूत भारत-नेपाळ शांतता व मैत्री करार झाला. त्याच्या सातव्या कलमाने एका देशाच्या नागरिकांना दुसऱ्या देशात निवास, मालमत्ता, व्यापार आणि संचार यांबाबत परस्पर समान सवलती दिल्या. शहराची हद्द उत्तरेकडे सरकत होती आणि त्या हद्दीत राबायला येण्याची वाट कायद्याने मोकळी होती.

३/ 'गुरखा' हा शब्द मराठीत 'रात्रीचा पहारेकरी' या अर्थाने रुळला, तो लष्करामुळे. १८१५ पासून इंग्रजांनी गोरखा सैनिकांची भरती सुरू केली आणि त्यांच्या शौर्याची ख्याती सर्वत्र पसरली. प्रत्यक्षात मुंबईला येणारे अनेक जण गोरखा जिल्ह्यातले नसतात. ते नेपाळच्या सुदूर पश्चिमेकडील अछाम, डोटी अशा डोंगराळ जिल्ह्यांतून येतात. नाव लष्कराचे, काम फाटकावरचे!

४/ कमावलेला पैसा घरी कसा पोहोचवायचा, हा स्थलांतरिताचा सनातन प्रश्न. कोकणातील चाकरमान्याला त्याचे उत्तर टपाल खात्याने दिले: १८८० मध्ये मनिऑर्डर आणि १८८२ मध्ये टपाल कचेरीतील बचत बँक. नेपाळी कामगाराचा भरवसा दीर्घकाळ राहिला तो गावी निघालेल्या सोबत्यावर, हुंडीवर किंवा कमरेला बांधलेल्या नोटांवर. वाटेत चोरी झाली, तर वर्षभराची कमाई एका रात्रीत जाई.

५/ मग बँकेत खाते का उघडायचे नाही? कारण बँक विचारी, 'तुम्हाला ओळखणारे कोण?' नव्या खात्याच्या अर्जावर जुन्या खातेदाराची सही लागे. ही केवळ रीत नव्हती. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३१ नुसार धनादेश वसूल करणाऱ्या बँकेला संरक्षण मिळते, पण तिने सद्भावाने आणि हयगय न करता काम केले असेल तरच. इंग्लंडमधील १९१४ च्या 'लॅडब्रोक विरुद्ध टॉड' खटल्यात चौकशीविना खाते उघडणे ही हयगय ठरली. तेव्हापासून ओळख देणाऱ्याची सही हे बँकेचे कवच बनले.

६/ हे कवच नवख्या माणसाच्या वाटेतील भिंत ठरले. त्याला ओळखणारे होते ते त्याच्याच गावचे, आणि त्यांच्यापाशीही खाते नसे. म्हणून बचतीच्या अनौपचारिक वाटा निघाल्या. आपल्याकडे भिशी, नेपाळमध्ये 'ढुकुटी': सर्वांनी ठरावीक रक्कम जमा करायची आणि पाळीपाळीने एकाने उचलायची. येथेही आधार ओळखीचाच; फरक इतकाच की, ती ओळख बँकेच्या वहीत नव्हती.

७/ २००२ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'आपला ग्राहक ओळखा' हे सूत्र, म्हणजेच केवायसी, बँकांपुढे ठेवले. १ जुलै २००५ पासून मनी लाँड्रिंग प्रतिबंधक कायदा अमलात आला. त्याच वर्षी अल्प उत्पन्न गटाच्या खात्यांसाठी जुन्या खातेदाराची ओळख पुरेशी मानण्याची सवलत मिळाली. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले, की खाते उघडताना अशा ओळखीचा आग्रह धरू नये. माणसाच्या शब्दाची जागा कागदाने घेतली.

८/ पण कोणता कागद? मान्य दस्तऐवजांच्या यादीत भारतीय मतदार ओळखपत्र आणि रोजगार हमीचे जॉबकार्ड आहे; ही नेपाळी नागरिकाची नव्हेत. त्याच्यापाशी असते ते 'नागरिकता', अर्थात नेपाळचे नागरिकत्व प्रमाणपत्र. विमानाने भारतात येताना ते चालते. बँकेच्या यादीत त्याचे नाव नाही. म्हणजे सीमेवर जो पासपोर्ट लागला नाही, तो येथे हवा. दुसरा मार्ग आधारचा. २०१६ चा आधार कायदा नागरिकत्व नव्हे, निवास पाहतो: मागील १२ महिन्यांत किमान १८२ दिवस. शेतीच्या हंगामाला गावी परतणाऱ्याला हे दिवसही मोजावे लागतात.

९/ या कोंडीतून वाट काढली ती १५ मे २००८ रोजी सुरू झालेल्या भारत-नेपाळ निधी प्रेषण योजनेने. खाते नसलेल्या व्यक्तीलाही बँकेत रोख भरून नेपाळला एका वेळी ५०,००० रुपयांपर्यंत पाठवता येऊ लागले. वर्षातून १२ वेळा. १९९३ पासून स्थिर असलेल्या १.६० च्या दराने हे ८०,००० नेपाळी रुपये होतात. रोख भरणाऱ्याच्या ओळखीच्या कागदांत मालकाने दिलेले छायाचित्रासह प्रमाणपत्रही धरले गेले. ओळख देणारा माणूस मागील दाराने परत आला!

१०/ रोकडीवर विसंबण्याची किंमत पुढे कळली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर नेपाळमधील घरांत आणि बँकांत उरलेल्या जुन्या भारतीय नोटांचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने १०० रुपयांवरील भारतीय नोटांना मनाई केली. कमरेची पुरचुंडी तेव्हा निरुपयोगीच नव्हे, बेकायदाही ठरली. ऑक्टोबर २०२१ पासून खात्यातून पाठवण्याची मर्यादा २ लाख रुपये झाली. रोख भरणाऱ्याची मात्र ५०,००० रुपये आणि १२ वेळा हीच राहिली. खाते असणे आणि नसणे यांतील अंतर या आकड्यांतच मोजता येते.

११/ करार देशांमध्ये होतात. पण त्यांनी दिलेला हक्क खऱ्या अर्थाने मिळतो की नाही, हे एखाद्या शाखेतील अर्जाच्या रकान्यांवर ठरते. पाऊणशे वर्षांपूर्वी सीमा खुली झाली. खिडकी त्यानंतर हळूहळू, एकेका परिपत्रकाने उघडत गेली, आणि अजून ती पुरती उघडलेली नाही. रात्रभर आपल्या दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला 'कोण? कोणाकडे?' असे विचारणाऱ्या माणसाला सकाळी बँकेत तोच प्रश्न ऐकावा लागतो.