तळटीप : नवरात्रातली साबुदाण्याची खिचडी

* साबुदाण्याची खिचडी : तुळजापूरच्या नवरात्रातला फराळ म्हणून लेखिकेने वर्णन केलेल्या या पदार्थातले चारही मुख्य जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले. साबुदाणा होतो कसावा या कंदाच्या सत्त्वापासून. शेंगदाणे, मिरची आणि बटाटाही तिकडचेच. १४९२ साली कोलंबस हिस्पॅनिओला बेटावर, म्हणजे आजच्या डॉमिनिकन रिपब्लिक आणि हैतीच्या भूमीवर उतरला, तेव्हा तिथले ताइनो लोक कसाव्याची भाकरी खात. या कंदाला ते ‘युका’, शेंगदाण्याला ‘मानी’, तर मिरचीला ‘आही’ म्हणत. डॉमिनिकन स्पॅनिशमध्ये हे शब्द आजही रुळलेले आहेत. ‘बताता’ हे त्यांचे रताळ्याचे नाव. पोर्तुगिजांबरोबर ते आपल्याकडे आले आणि दुसऱ्याच कंदाला चिकटले. तोच आपला ‘बटाटा’. सक्तीची मजुरी, उपासमार आणि देवीच्या साथी यांमुळे ताइनो समाज काही दशकांतच जवळजवळ उद्ध्वस्त झाला. त्यांची भाकरी, ‘कासाबे’, मात्र टिकली; २०२४ मध्ये युनेस्कोने तिला मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

उसाचा प्रवास उलट दिशेने झाला. १४९३च्या दुसऱ्या सफरीत कोलंबसाने तो हिस्पॅनिओलात नेला आणि उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसे गुलाम करून आणली गेली. ढोकी-कळंबच्या शिवारात डोलणाऱ्या पिकाचा हा दूरचा इतिहास विसरता येत नाही. ताइनो भाषा विझली. तिचा एक शब्द मात्र धाराशिवच्या घराघरांत रोज उच्चारला जातो. – संपादक