ब्लॉगप्रणाली आणि सर्व्हरवरील भार : २००१ ते २००८

ब्लॉगप्रणालींचा इतिहास बहुधा सोयींच्या अंगाने मांडला जातो. वस्तुतः पान केव्हा तयार करावयाचे, हाच येथील मूळ प्रश्न होय. २००१ साली बेन व मेना ट्रॉट यांनी प्रसिद्ध केलेली 'मूव्हेबल टाइप' ही पर्ल भाषेतील प्रणाली लेख प्रकाशित होतानाच पाने तयार करून ठेवीत असे. वाचकाला तयार फाइल मिळे. वाचक वाढले तरी भार अल्पच राही. मात्र प्रत्येक प्रतिक्रियेगणिक पानाची पुनर्बांधणी होई. २००४ च्या सुमारास जाहिरातबाज प्रतिक्रियांचा लोंढा आला, तेव्हा हीच रचना अनेकांच्या सामायिक सर्व्हरना जड गेली. २००३ मधील 'वर्डप्रेस'ने उलट मार्ग धरला : वाचकाच्या प्रत्येक मागणीस पीएचपी चालवून मायएसक्यूएलमधून मजकूर काढावयाचा. पुनर्बांधणीची प्रतीक्षा संपली. गर्दीच्या वेळी सर्व्हर मात्र दमू लागले. तरीही मे २००४ मध्ये मूव्हेबल टाइपच्या विनामूल्य आवृत्तीत लेखक व ब्लॉग यांच्या संख्येवर मर्यादा येताच अनेक जण वर्डप्रेसकडे वळले. हे स्थलांतर भारामुळे नव्हे, परवान्यामुळे घडले, हे येथे नोंदविले पाहिजे. पुढे २००७ च्या 'डब्ल्यूपी सुपर कॅश' या जोडप्रणालीने वर्डप्रेसची पानेही तयार फाइलींच्या रूपात साठविण्यास आरंभ केला, आणि २००८ च्या 'जेकिल'ने तर डेटाबेसच वगळला.