ज्या वॉर्डातून गोऱ्या नर्सेस निघून गेल्या



परमुलखातून शहरात आलेल्या नर्सने पहिली नोकरी कुठल्या दवाखान्यात धरायची, हा प्रश्न दिसायला साधा. पगार बघ, क्वार्टर बघ, धर. पण तिच्यासमोर दारं किती उघडी, हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. कोण ठरवतं, हे समजायचं तर अमेरिकेतल्या काळ्या नर्सेसचा इतिहास वाचायला पायजे. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, तिने नाव घेतलं ते तिथल्या काळ्यांच्या चळवळीकडून. त्या चळवळीच्या बंदुका आपल्याला माहीत. तिथल्या आयाबहिणींचे थर्मामीटर माहीत नाहीत.

मेरी एलायझा महोनी ही अमेरिकेतली पहिली प्रशिक्षित काळी नर्स. बॉस्टनमध्ये बायांच्या आणि पोरांच्या एका दवाखान्यात तिने सुमारे पंधरा वर्षं स्वयंपाक केला, कपडे धुतले, फरशा पुसल्या. त्याच दवाखान्याच्या नर्सिंग शाळेत तिला १८७८ साली प्रवेश मिळाला, तेव्हा वय ३३. १८७९ ला पास झाली. म्हणजे फरशी पुसायला दार केव्हाच उघडं होतं. शिकायला ते उघडायला पंधरा वर्षं लागली.

आता न्यूयॉर्कला या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दक्षिणेतले काळे लोक लाखांनी उत्तरेकडे निघाले होते. दक्षिणेत डबा वेगळा, नळ वेगळा, वॉर्ड वेगळा. शिकलेली नर्स असली तरी गोरीपेक्षा पगार कमी. उत्तरेत पाट्या नव्हत्या, पण दारं तरी कुठं उघडी होती? न्यूयॉर्कच्या सरकारी दवाखान्यांतही काळ्या नर्सला घेणारे हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच.

त्यातला एक स्टेटन आयलंड बेटावरचा सी व्ह्यू. १९१३ साली क्षयरोग्यांसाठी उघडलेला. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. खिडक्या उघड्या ठेवायच्या, रोग्याला झोपवून ठेवायचं, फार झालं तर बरगड्या कापून फुप्फुस दाबायचं. थुंकीचे पेले नर्सनेच उचलायचे. १९२९ पासून गोऱ्या नर्सेस नोकरी सोडायला लागल्या. जिवाची भीती होती, आणि त्यांना दुसरी दारं उघडी होती. वॉर्ड ओस पडायची वेळ आली तेव्हा शहराला दक्षिणेतल्या काळ्या पोरींची आठवण झाली. या म्हणाले, पगार देतो, राहायला जागा देतो, हार्लेम हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत फुकट शिकवतो.

हे आपल्याला नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्याचा पगार जास्त. पण धोट्यातून सूत तोंडाने ओढावं लागायचं, म्हणून अस्पृश्य कामगाराला साच्याजवळ फिरकू देत नसत. कमी पगाराच्या खात्यात मात्र त्याच्या हाताचा विटाळ होत नव्हता. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हाच प्रश्न लावून धरला. चांगलं दार बंद ठेवणारा आणि धोक्याचं दार उघडणारा हात एकच असतो.

मग त्या पोरी गेल्या कशाला? खुळ्या होत्या म्हणून नाही. एका पारड्यात क्षय, दुसऱ्यात दक्षिणेतला जन्मभराचा अपमान. त्यांनी दोन्ही तोलून बघितलं. शिक्षण मिळत होतं, हातात स्वतःचा पगार येत होता. एक गेली की मागून बहीण, भाची. १९४७ साली सोळा वर्षांची व्हर्जिनिया अ‍ॅलन डेट्रॉइटहून तिथं आली, ती आधीच तिथं असलेल्या मावशीच्या सांगण्यावरून.

१९५१ साली याच सी व्ह्यूत आयसोनियाझिड या गोळीची चाचणी झाली. मरायला टेकलेले रोगी उठून बसले, जेवण मागायला लागले. १९५२ च्या फेब्रुवारीत बातमी जगभर गेली. गोळी देणाऱ्या, रोग्याचं वजन, ताप, भूक रोज लिहून ठेवणाऱ्या या नर्सेस. शोधनिबंधावर नावं डॉक्टरांची. पुढे १९५६ पासून मद्रासच्या केंद्रात हेच औषध धरून, रोग्याला घरीच ठेवून उपचार करता येतात का ते तपासलं गेलं. येतात, हे सिद्ध झालं. आपल्या चाळीतला क्षयरोगी ही गोळी घेऊन खाटेवरून उठला असेल, तर त्यात त्या बायांच्या रात्रपाळ्या आहेत.

रोगी त्यांना ‘ब्लॅक एंजल्स’ म्हणायचे. रोग्याचं प्रेम खरं. पण व्यवस्थेच्या तोंडी हा शब्द आला की सावध व्हायचं. देवदूताला पगारवाढ लागत नाही. नर्सला लागते.

काळ्या नर्सेसनी हे ओळखलं होतं. १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये ५२ जणींनी स्वतःची राष्ट्रीय संघटना उभी केली. १९३४ पासून तिची धुरा मेबल स्टॉपर्सने वाहिली. तीही बार्बाडोस बेटावरून लहानपणी आलेली. १९४१ साली अमेरिकी लष्कराने काळ्या नर्सेससाठी ५६ जागांची मर्यादा घातली. स्टॉपर्स भांडली, लोकांना भांडायला लावलं. १९४५ साली लष्कराचा रंगभेदाचा नियम गेला. १९४८ साली देशाच्या मुख्य नर्स संघटनेनेही दार उघडलं. दार मागून उघडत नाही, एकजुटीने रेटून उघडावं लागतं.

म्हणून आपली बहीण जी.एन.एम. होऊन मुंबई-पुण्याला निघाली, तर तिला नुसता ‘सांभाळून जा’ म्हणू नका. काय विचारायचं ते शिकवून पाठवा. हुद्दा नर्सचा की आयाचा? हातात पगार किती, कागदावर किती? मूळ सर्टिफिकेट ठेवून घेतात का? संसर्गाच्या वॉर्डाची पाळी सगळ्यांना येते की ठराविक आडनावांनाच? पुढचं शिकायला सुट्टी मिळते का? युनियन आहे का? आणि सगळ्यात आधी, तिथं काम केलेली आपली पोरगी शोधून तिला विचारा. दवाखान्याच्या जाहिरातीपेक्षा ती खरं सांगेल.

उत्तरं वाईट आली तरी कधी तीच नोकरी धरावी लागेल, पोटासाठी. धरा. पण डोळे उघडे ठेवून, आणि मागून येणारीसाठी दारात पाय अडकवून.

जयभीम.