घरची बिअर : एका गृहकलेचा इतिहास

मद्याचा इतिहास म्हटला कीं आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें एक तर पुराणांतील सुरापान उभें राहतें, नाहीं तर दारूबंदीची चळवळ. या दोहोंच्या मध्यें एक तिसरा इतिहास आहे आणि तो स्वयंपाकघराचा आहे. इंग्लंडांत बिअर ही कित्येक शतकें पावाप्रमाणेंच घरीं होणारी वस्तु होती. ती गृहिणी करी, घरचीं माणसें पीत, आणि उरली तर शेजारीं विकली जाई. पुढें तीच वस्तु प्रचंड कारखान्यांत गेली. हें स्थित्यंतर कसें घडलें असें विचारलें तर यंत्र, भांडवल आणि कर हीं कारणें चटकन् सुचतात. पण या सर्वांच्या आधींचें कारण एका साध्या प्रश्नांत दडलेलें आहे : केलेलें पेय किती दिवस टिकतें? प्रस्तुत लेखांत या प्रश्नाच्या अनुरोधानें घरगुती बिअरची हकीकत सांगावयाची आहे. मद्यपानाची भलावण करण्याचा त्यांत हेतु नाहीं. एक गृहकला बायकांच्या हातून कशी निसटली, हा विषय मद्यास न शिवणाऱ्या वाचकासहि विचार करावयास लावील असा आहे.

धान्य आंबवून पेय करण्याची विद्या फार प्राचीन. सुमेर देशांत या विद्येची देवता निन्कासी ही स्त्री होती, आणि इ. स. पूर्वीं सुमारें 1800 च्या तिच्या एका स्तोत्रांत बिअरची कृति पायरीपायरीनें वर्णिलेली आहे. हम्मुराबीच्या कायद्यांत मद्यगृहाविषयीं जे नियम आहेत, त्यांत मद्यगृह चालविणारी व्यक्ति स्त्रीच धरलेली आहे. आपल्या कौटिल्यानें सुरेवर सरकारचा ताबा ठेवून त्यासाठीं सुराध्यक्ष नेमावयास सांगितला. तरीहि कुटुंबवत्सल गृहस्थांस सणासमारंभापुरती श्वेतसुरा आणि औषधापुरतें अरिष्ट घरीं करण्याची मुभा त्याला द्यावी लागली. सुरेचें किण्व गोळा करण्याचें काम त्यानें स्त्रिया व मुलें यांच्याकडेच सोपविलें आहे. देश आणि काळ इतके भिन्न असूनहि पेय करणारे हात मात्र सर्वत्र तेच दिसतात.

इंग्लंडांत मध्ययुगांत जें पेय होत असे त्यास ‘एल’ म्हणत. जव भिजत घालून त्यास मोड आणावयाचे, ते वाळवून भरडावयाचे, त्या भरड्यावर कढत पाणी घालून गोड रस काढावयाचा, आणि तो निवल्यावर मागच्या खेपेचा फेंस त्यांत घालून आंबूं द्यावयाचा, इतकी ती कृति. नाचणीचें सत्व काढणाऱ्या किंवा रोज विरजण लावणाऱ्या गृहिणीस यांतील कोणतीच पायरी परकी वाटणार नाहीं. या पेयाचा एकच मोठा दोष होता. तें चार-पांच दिवसांत आंबट होऊन जाई. त्यामुळें एल पुनःपुन्हा करावी लागे. एका खेपेस होणारी एल एका घरास पुरून उरे, आणि उरलेली नासण्यापूर्वीं विकणें भाग पडे. घराबाहेर काठीला झुडपाची फांदी बांधलेली दिसली, कीं येथें एल तयार आहे असें गांव समजे. पुढल्या आठवड्यांत ती काठी दुसऱ्या घरापुढें उभी राही. धान्याच्या भावाशीं एलचा भाव बांधून देणारा कायदा सुमारें 1267 त झाला आणि एलची चव व माप तपासणारे अधिकारीहि गांवोगांव नेमले गेले. जुडिथ बेनेट या विदुषीनें नॉर्थॅम्प्टनशायरमधील ब्रिगस्टॉक गांवचीं दप्तरें तपासून असें दाखविलें आहे, कीं 1348 च्या महामारीपूर्वीं त्या एका गांवांत तीनशेंहून अधिक स्त्रियांनीं केव्हां ना केव्हां एल विकली होती. गांवांतील स्त्रियांचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा होय. पेय टिकत नव्हतें, म्हणून तें कोणा एकाच्या हातांत एकवटूं शकत नव्हतें. नाशवंतपणा हाच त्या व्यवसायाचा खरा संरक्षक होता.

या व्यवसायांत धोका किती असे याची साक्ष मार्जरी केम्प या बाईच्या चरित्रांत सांपडते. लिन शहरांतील ही सधन घरची स्त्री सुमारें 1373 सालीं जन्मली. तिनें तीन-चार वर्षें एलचा मोठा धंदा केला आणि त्या काळांत शहरांतील प्रमुख एल करणारांत तिची गणना होई. पण पुढें एलवर आलेला फेंस अकस्मात् बसून जाऊं लागला आणि खेपांमागून खेपा वायां गेल्या. नोकरमाणसें लाजून निघून गेलीं. हा आपल्या गर्वाला मिळालेला ईश्वरी दंड होय अशी तिची समजूत झाली. आज आपण म्हणूं, कीं तिच्या किण्वांत दुसरे सूक्ष्म जंतु शिरले असावेत. पण जंतु म्हणजे काय हें कळावयास अद्याप साडेचार शतकें अवकाश होता. तोंवर प्रत्येक गृहिणीचा अनुभव हेंच तिचें शास्त्र होतें.

या परिस्थितींत हॉप नांवाच्या वेलीनें क्रांति केली. तिचीं फुलें रसांत घालून उकळलीं म्हणजे त्यांतील कडू राळ पेयांत उतरते आणि आंबटपणा आणणाऱ्या जंतूंची वाढ रोखते. युरोप खंडांत ही युक्ति आधींच रूढ होती. बव्हेरियाच्या 1516 च्या प्रसिद्ध आज्ञेंत जव, हॉप व पाणी यांखेरीज बिअरमध्यें कांहीं घालूं नये असें फर्माविलें आहे. पुढें 1553 त तेथें उन्हाळ्यांत बिअर करण्यासच मनाई झाली. त्यामुळें थंडींत केलेली बिअर गार तळघरांत महिनेच्या महिने ठेवण्याची पद्धति पक्की झाली. ‘लागर’ या नांवाचा मूळ अर्थ सांठवण हाच आहे.

इंग्लंडांत हॉपची बिअर चौदाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्स वगैरे प्रदेशांतून येऊं लागली आणि सोळाव्या शतकांत हॉपचे मळे केंटमध्यें लागले. रेजिनॉल्ड स्कॉट यानें 1574 त हॉपच्या लागवडीवर पुस्तक लिहिलें. त्यांतला त्याचा हिशेब बोलका आहे. एक बुशेल माल्टापासून एल आठ-नऊ गॅलन निघते, तर हॉपची बिअर अठरा ते वीस गॅलन. कारण एल टिकावी म्हणून ती दाट व कडक करावी लागे, तर पातळ बिअरहि हॉपमुळें तग धरी. तेवढ्याच धान्यांत दुप्पट माल होणार आणि तो महिनोन् महिने टिकणार, मग तो दूर पाठवितां येणार, सैन्यास व जहाजांस पुरवितां येणार.

अशा धंद्यास मोठीं भांडीं, पिंपें, जळण, कोठार आणि माल विकला जाईपर्यंत थांबण्याची ऐपत लागते. ही ऐपत त्या काळच्या स्त्रीपाशीं नव्हती. विवाहित स्त्रीस स्वतःच्या नांवानें करार करणें किंवा कर्ज उभारणें बहुधा अशक्य होतें आणि धंदेवाल्यांच्या संघांतहि तिला अधिकाराचें स्थान नसे. भरींत भर म्हणून एल विकणाऱ्या बायकांविषयीं उपहास वाढला. सोळाव्या शतकाच्या आरंभीं कवि स्केल्टन यानें अशा एका बाईचें अत्यंत किळसवाणें चित्र काव्यांत रंगविलें. चेस्टर शहरानें 1540 त चौदा ते चाळीस वर्षांच्या स्त्रियांस एलगृह चालविण्याची बंदी केली. एलगृहास परवाना हवा असा कायदा सबंध राज्यासाठीं 1552 त आला. यांत कोणी एकानें कट रचला असें नव्हे. पेय टिकूं लागलें, त्याचा व्यापार होऊं लागला, आणि व्यापाराचीं साधनें ज्यांच्या हातीं होतीं त्यांच्याकडे तें आपोआप गेलें.

तरीपण मोठ्या घरांतून ही कला लगेच नाहींशी झाली नाहीं. एसेक्स परगण्यांतील धर्मोपदेशक विल्यम हॅरिसन यानें एलिझाबेथ राणीच्या काळांतील इंग्लंडचें वर्णन लिहितांना आपल्या पत्नीची कृतीच नमूद करून ठेविली आहे. ती व तिच्या मोलकरणी महिन्यांतून एकदां आठ बुशेल माल्ट दळून बिअर करीत. माल्ट, लांकूड, हॉप, मसाला, मजुरी आणि भांड्यांची झीज असा सर्व खर्च मांडून, वीस शिलिंगांत दोनशें गॅलन बिअर पदरांत पडते असें तो समाधानानें सांगतो. सरदारांच्या घरची बिअर मार्च महिन्यांत करून एक-दोन वर्षें ठेवीत, सामान्य कुटुंबांत मात्र ती निदान महिन्याची तरी झाल्याशिवाय काढीत नसत. पाव शक्य तितका ताजा आणि बिअर आंबट न होतां शक्य तितकी जुनी, हीच तेव्हांची आवड होती. चार दिवसांत नासणाऱ्या एलच्या देशांत आतां जुनेपण हा गुण ठरला होता.

हा गुण शहरांतील कारखानदारांनीं कोठवर नेला याचें भीषण उदाहरण लंडनमध्यें घडलें. तेथें ‘पोर्टर’ नांवाची काळी बिअर अवाढव्य लांकडी टांक्यांतून कित्येक महिने मुरत ठेवीत. ता. 17 ऑक्टोबर 1814 रोजीं टॉटनहॅम कोर्ट रोडनजीकच्या एका कारखान्यांतील बावीस फूट उंचीची टांकी फुटली, आणि तिच्या लोंढ्यानें मागच्या वस्तींतील घरें कोसळून आठ जीव गेले. ते सर्व स्त्रिया व मुलें होतीं. त्यांतील कांहीं जणीं एका मृत बालकाच्या उत्तरक्रियेसाठीं तळघरांत जमलेल्या होत्या. चौकशींत ही आपत्ति अपघाती ठरली. ज्या पेयाची एक हांडी एके काळीं गृहिणीच्या हातांत मावत होती, त्याची ही परिणति होती.

याच टिकाऊपणाचा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. ऑक्टोबरांत करून तळघरांत दोन-दोन वर्षें ठेवावयाची हॉपदार बिअर लंडनच्या हॉजसन नांवाच्या कारखान्यांतून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत कंपनीच्या जहाजांवरून कलकत्ता-मुंबईस येऊं लागली. केप ऑफ गुड होपला वळसा घालतांना ती विषुववृत्त दोनदां ओलांडी, आणि त्या उष्म्यांत कांहीं महिन्यांतच वर्षां-दोन वर्षांची परिपक्वता तिला येई. हॉजसननें ती खास हिंदुस्थानासाठीं शोधून काढली, ही दंतकथा पुराव्यापुढें टिकत नाहीं. जुनाच माल नव्या वाटेनें गेला आणि वाटेनेंच त्याची कीर्ति केली.

खेड्यांतील गरीब घरांत जी कला उरली होती, तिला कर आणि चहा यांनीं ग्रासलें. बिअरवरील कर 1643 पासून आणि माल्टवरील कर 1697 पासून सुरू झाला. घरीं पिण्यापुरती बिअर करणारास पहिला कर लागत नसे, पण दुसरा माल्टच्या किंमतींतूनच वसूल होई. विल्यम कॉबेट यानें 1821-22 त ‘कॉटेज इकॉनॉमी’ हें पुस्तक लिहून मजुरांच्या बायकांस पुन्हा घरीं बिअर करण्याचा कळवळून उपदेश केला. चाळीस वर्षांपूर्वीं घरीं बिअर न करणारा मजूर विरळा होता, असें तो लिहितो. चहाविरुद्धचा त्याचा आवेश आज हास्यास्पद वाटेल, पण ज्या घरांतून एक कला जाते त्या घराचें स्वातंत्र्यहि थोडें कमी होतें, हें त्याचें मर्म खरें होतें. पुढें ग्लॅडस्टन यानें 1880 त माल्टवरील कर काढून तो बिअरवर बसविला आणि घरीं बिअर करणारासहि परवान्याची अट घातली. याच सुमारास पाश्चरचा बिअरवरील ग्रंथ (1876), लिंडे याचें शीतयंत्र आणि कोपनहेगनच्या हॅन्सेननें 1883 त साध्य केलेलें शुद्ध किण्व यांमुळें सांठवणीचें शास्त्र पूर्णत्वास गेलें. मार्जरी केम्पचें कोडें सुटलें. पण तें सुटेपर्यंत तिच्या लेकीबाळींच्या हातांतून भांडें गेलेलें होतें.

विसाव्या शतकांत मात्र ही कला परत घरीं आली. इंग्लंडांत 1963 त परवान्याची अट उठली. अमेरिकेंत 1920 त दारूबंदी आली. ती 1933 त उठल्यावर घरच्या द्राक्षमद्यास मुभा मिळाली, पण बिअरचा उल्लेख कायद्यांतून राहून गेला. अध्यक्ष कार्टर यांनीं 1978 त ज्या कायद्यावर सही केली, त्यानें ही चूक निस्तरली आणि दोन प्रौढ व्यक्तींच्या कुटुंबास वर्षास दोनशें गॅलनपर्यंत मोकळीक दिली. मिसिसिपी व अलाबामा या संस्थानांनीं ही मोकळीक 2013 पर्यंत अडवून धरली होती. आजचे हौशी लोक एकत्र जमले म्हणजे कोण काय पीत आहे आणि कोणाच्या फडताळांत काय मुरत आहे, याच गप्पा चालतात. उजेडानें हॉपमधील द्रव्यें बिघडून दुर्गंधि सुटते म्हणून गडद कांचेची बाटली. हवेनें चव मरते म्हणून घट्ट बूच. उष्म्यानें म्हातारपण लवकर येतें म्हणून गारवा. हॉपच्या सुवासासाठीं केलेली बिअर ताजीच प्यावी आणि काळी, कडक बिअर वर्षानुवर्षें ठेवावी, असाहि विवेक ते करतात. हॅरिसनच्या पत्नीस हा संवाद समजला असता. फरक इतकाच, कीं हे बहुतेक पुरुष आहेत आणि त्यांना ही कला पोटासाठीं नव्हे, आवडीसाठीं हवी आहे.

या इतिहासावरून टिकाऊपणा हा गृहिणीचा शत्रु आहे असें अनुमान काढणें मात्र चुकीचें ठरेल. लोणचें, पापड, कुरडया हें आपल्या बायकांचें सारें कौशल्य टिकविण्याचेंच आहे. मुंबईस गिरगांवांत 1959 त सात स्त्रियांनीं ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. त्यांतून वाढलेल्या ‘लिज्जत’च्या सहकारी संस्थेंत माल देशोदेशीं गेला, पण मालकी लाटणाऱ्या हातांतच राहिली. ब्रिगस्टॉकच्या तीनशें बायकांस कौशल्य कमी नव्हतें. वस्तु टिकूं लागली त्या वेळीं त्यांच्यामागें भांडवल, पत आणि संघ यांपैकीं कांहींच उभें नव्हतें. घरची विद्या बाजारांत जावयास निघाली म्हणजे तिच्याबरोबर तिची धनीण जाते कीं नाहीं, हें त्या वेळीं तिच्या पाठीशीं कोण उभें राहतें यावर ठरतें.